घोडखडपाचं पाणी

जामसंडे,
६ जानेवारी २०२५

ती. शिवराम मामाआजोबा यांना,
सा. न.

मी अपेक्षा, तुमच्या बहिणीची म्हणजे मथुराबाईंची नात. आपण एकदाच भेटलो आहोत, मंगेशकाकाच्या लग्नात. तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असं प्रकाशनाच्या नम्रताताईंनी सांगितलं, म्हणून पत्र लिहीत आहे.

तुमच्या 'तांडेलीण रखमा' या चित्रकथेचे चौदाही भाग एका पुस्तकात निघणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. मूळ पानं स्कॅन करून छपाईसाठी तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. माझं शिक्षण जलसर्वेक्षणाचं. देवगड बंदरात गाळ आणि खोली मोजण्याच्या कामावर दोन वर्षं होते. ते काम संपल्यापासून घरी बसून हे करते.

आतापर्यंत झालेलं काम असं: ३३६ पानं स्कॅन झाली. वाळवीची भोकं आणि डाग काढले. मासिकाच्या छपाईत भरून गेलेल्या बारीक रेषा मूळ पानांवरून परत मिळवल्या. एक दोष मात्र सगळीकडे होता. रखमा ज्या खडकापाशी होडी लावते, त्याच्यावरची पाण्याची रेघ प्रत्येक चौकटीत वेगळी आहे. काही ठिकाणी एकाच पानावर तीन वेगळ्या उंचीवर आहे. सलगता सांभाळा अशी प्रकाशनाची सूचना होती, त्यामुळे २१२ चौकटींमध्ये ती रेघ मी एका पातळीवर आणली आहे.

पहिल्या भागाची प्रुफं सोबत आहेत. पाहून सही करून पाठवावीत. पुस्तक दहा मार्चला छपाईला जाईल.

आपली,
अपेक्षा


मसुरे,
११ जानेवारी

चि. अपेक्षास अनेक आशीर्वाद.

काय गो, मथुराक्काची नात तू, आणि मला 'आपली' लिहितेस? आपली म्हणजे कोणाची, बँकेची?

प्रुफं बघितली. भिंग लावून बघितली, डोळ्यांचं आता तसंच आहे. रेषा झकास आल्यात. त्या हरामखोर मासिकानं तेव्हा अशी छापली असती तर मी दहा वर्षं जास्त जगलो असतो. रखमाच्या नाकातली चमकी मला स्वतःला चाळीस वर्षांनी दिसली.

पण सही केलेली नाही. पान नऊ घे. पहिल्या चौकटीत आकाशात काय आहे बघ. मग खडपाची, म्हणजे तुझ्या त्या खडकाची, सावली बघ. तुझ्या आज्जीच्या बापसानं, म्हणजे माझ्याही, आम्हाला एक गणित शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट कर, जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी. तुला शाळेत काही वेगळं शिकवलं असेल तर तसं कर. आणि मग मला लिही की दोष कोणाचा.

रागावलेलो नाही. आक्का कशी आहे?

तुझा,
शिवामामा
('मामाआजोबा' लिहिताना तुझी शाई संपेल.)


जामसंडे,
१७ जानेवारी

ती. शिवामामा,
सा. न.

दोष माझा आहे.

पान नऊ. पहिल्या चौकटीत चवथीची कोर. चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनला पुरी. खडकाची सावली लांब, सूर्य टेकलेला, म्हणजे साधारण साडेसहा. साडेतीन तास सुकती झालेली. भरतीच्या बारा भागांच्या नियमानं इतक्या वेळात पाणी साडेसात भाग उतरायला हवं. मूळ पानावर मी मोजलं. खडकावर तुम्ही भरतीची पांढरी रेघ काढली आहे आणि खाली शेवाळाची हिरवट रेघ सुचवली आहे. दोन्हींमध्ये ४६ मिलिमीटर अंतर. पाणी वरच्या रेघेपासून २८ मिलिमीटर खाली. गणितानं साडेअठ्ठावीसच्या थोडं पुढे येतं.

हा योगायोग असेल असं वाटून आणखी दहा चौकटी घेतल्या, मग पन्नास घेतल्या. नंतर बंदरावरच्या आमच्या नोंदींवरून संगणकावर भरतीचा तक्ताच तयार केला. पौर्णिमेला पाणी वर चढतं तसं अष्टमीला चढत नाही, हेही तुम्ही धरलेलं आहे. सहाव्या भागात रखमा रात्रभर होडीत बसून आहे. त्या चार पानांवर गोष्टीत काहीच घडत नाही, पण पाणी सहा तास बरोबर चढतं आणि मग उतरायला लागतं. ती चार पानं मी लहानपणी कंटाळवाणी म्हणून उलटली होती.

बंदरावर आमच्याकडे यंत्र होतं. खांबाला बसवलेलं, दर सहा मिनिटांनी नोंद करणारं. त्याच्या नोंदीतही आम्हाला चुका सापडायच्या. तुमच्या पानांत अजून एकही सापडलेली नाही. हे वाक्य लिहिण्याआधी मी ते तीनदा तपासलं.

२१२ चौकटी मूळ स्कॅनवरून परत करते आहे. नम्रताताईंना कळवलं. त्या म्हणाल्या, तारीख हलणार नाही, वीस फेब्रुवारीपर्यंत सगळं दे. नाहीतर मी सपाट केलेलं पाणीच छापलं जाईल. तसं होऊ देणार नाही.

एक विचारते. हे तुम्ही मुंबईत बसून केलंत कसं?

आजी बरी आहे. डावा पाय तसाच, पावलावर जोर येत नाही. काजूच्या झाडावरून पडली होती ना लहानपणी, तो. तुमचं पत्र आल्याचं सांगितलं तर म्हणाली, "अजून पेन्शील चावता काय तो?" तुम्ही दोघं एकमेकांकडे का जात नाही ते मला ठाऊक नाही, आणि विचारतही नाही.

अपेक्षा


मसुरे,
२३ जानेवारी

चि. अपेक्षा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. छप्पन्न वर्षं चित्रं काढली, आणि पाणी मोजणारी तू पहिली. संपादक माझ्या रखमाचा पदर मोजायचे.

कसं केलं ते सांगतो, हसू नकोस. आपल्या मुंबरीच्या किनाऱ्यावरचं घोडखडप तुला माहीत असेल. गोष्टीतलं खडप तेच. त्याची मी सिमेंटची वीतभर प्रतिकृती केली आणि परळच्या खोलीत घंगाळात ठेवली. भिंतीला पंचांग. चित्रात जी वेळ असेल तेवढं पाणी घंगाळात ओतायचं. पेल्यानं. भरतीच्या पहिल्या तासाला एक पेला, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन, मग एक. बारा पेले झाले की भरती पुरी. बाबा होडीवर बोटांवर मोजायचे, मी पेल्यानं मोजलं. मग स्टुलावर बसून बघायचं आणि काढायचं. खोलीतला जोडीदार म्हणायचा, "शिवा, आंघोळ कर नाहीतर चित्र काढ, घंगाळ एकच आसा."

दुसरे चित्रकार दिवसाला दोन पानं द्यायचे, माझं एक व्हायचं. त्यामुळे मुखपृष्ठं मला कधी मिळाली नाहीत. सुपरहिरोंचे दिवस आले तेव्हा एकानं सांगितलं, समुद्र काढूच नकोस, मागे निळा रंग फास. मी ते काम सोडलं आणि वर्षभर साबणाच्या वेष्टनांवर कमळं काढली. मग रखमा मिळाली आणि चौदा भाग चालली.

पहिलं काम कसं मिळालं तेही सांगतो. एकोणीस वर्षांचा होतो. संपादकासमोर एकच चित्र ठेवलं, खडपावर उभी असलेली बाई. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हिला पाय का नाहीत?" मी म्हटलं, राहिले. ते म्हणाले, "सोमवारी ये."

आता डोळ्यांपुढे धुकं येतं आणि हात हलतो. हे पत्र दोन दिवसांत लिहिलंय. पुस्तक बघायला मिळालं म्हणजे झालं. पाणी मात्र नीट सांभाळ.

आक्काला सांग, पेन्सिल चावतो, पण आता दात आपले नाहीत.

शिवामामा


जामसंडे,
१० फेब्रुवारी

ती. शिवामामा,

काम पूर्ण झालं. पाणी सगळं परत जागेवर आहे.

घंगाळाचं वाचल्यावर मी आपल्या न्हाणीघरात बादली, एक विटेचा तुकडा आणि पेला घेऊन बसले. बारा पेले. संगणकाच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. आजीनं दार वाजवून विचारलं, "न्हातंस काय निजलंस?"

ज्या चौकटींत खडक दिसतो अशा ६४७ निघाल्या. त्या सगळ्या तपासल्या. ६४६ बरोबर आहेत.

एक नाही. भाग नववा, पान एकवीस, शेवटची चौकट. रखमा कालवांची टोपली घेऊन खडकावरून किनाऱ्याकडे चालत येते. आकाशात दिवसाचा फिकट चंद्र आहे, पश्चिमेला, बुडायला आलेला: वद्य तृतीया. सावलीवरून सकाळचे दहा वाजून गेलेले. त्या वेळी खडक आणि किनारा यांच्यामधली घळ भरलेली असायला हवी. तुम्ही ती कोरडी काढली आहे. रखमाच्या घोट्यालाही पाणी नाही. फरक लहान नाही, कमरेएवढा आहे.

६४६ बरोबर काढणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली असेल असं मला वाटत नाही. पण मला समजतही नाही. बदलू की ठेवू, ते लेखी कळवावं. माझ्याकडे दहा दिवस आहेत.

अपेक्षा


मसुरे,
१४ फेब्रुवारी

चि. अपेक्षा,

ही चौकट तुला सापडेल हे मला माहीत होतं. तू बंदरावर पाणी मोजायचीस हे ऐकून होतो, खरं म्हणजे म्हणूनच मी नम्रताला तुझं नाव सुचवलं. हे तुला आधी सांगायला हवं होतं.

१९६७. माघ वद्य तृतीया. मी अठरा, आक्का एकवीस. सकाळच्या सुकतीला ती घोडखडपावर कालवं काढायला गेली. मी किनाऱ्यावर. माझं काम एकच: घळीत एक चपटा दगड आहे, पाणी त्याला लागलं की हाक मारायची, म्हणजे ती घळ ओलांडून परत येईल. कालवं काढताना माणूस खाली वाकलेला असतो, त्याला पाणी कळत नाही. म्हणून नेहमी एक जण किनाऱ्यावर.

मी कागद घेऊन गेलो होतो. ती खडपाच्या खालच्या पायरीवर उभी राहिली, पदर खोचलेला, एक हात कमरेवर, आणि मी काढायला लागलो. डोकं, खांदे, हात. तसं चित्र माझ्याकडून त्याआधी कधी आलं नव्हतं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत आलो. पाय काढायला वर बघितलं, तर पाय नव्हते. पाणी होतं.

घळ केव्हाच भरली होती. होड्या सगळ्या बाहेर. मी दोनदा उडी घेतली, दोनदा लाटेनं खडपावर आपटलं. ती वर चढत गेली. सव्वादोनला भरती पुरी झाली तेव्हा ती अगदी टोकावर होती, पाणी छातीला. संध्याकाळी पाणी उतरल्यावर चालत आली. कालवांच्या शिंपल्यांच्या धारेनं डाव्या पायाची शीर तुटली होती. काजूचं झाड वगैरे काही नाही गो. घरी म्हणाली, "माकाच कळला नाय पाणी कधी भरला." माझं नाव घेतलं नाही. ना त्या दिवशी, ना कधी.

मी पंधरा दिवसांत मुंबईला गेलो, ते चित्र घेऊन. तिच्या पायावर मला नोकरी लागली. त्यानंतर पाणी किती आहे हे कळल्याशिवाय मी एकही चौकट काढलेली नाही. तुला त्यात विद्या दिसली. ती विद्या नव्हे. नववा भाग काढताना एकदाच हात हटला, आणि मी तिला कोरड्या पायांनी घरी आणली.

आता दोन कामं कर. एक, त्या चौकटीत पाणी खरं कर. माझ्या हातानं होत नाही. पुस्तकात खोटं पाणी राहू नये. दुसरं, तुझ्या यंत्रानं त्या दिवसाचं गणित मांड. दगडाला पाणी लागल्यापासून घळ बंद होईपर्यंत किती वेळ होता? मी हाक मारली असती तर ती आली असती का? माझं मन राखू नकोस.

मूळ चित्र सोबत पाठवतोय. माझ्याकडे नको आता.

शिवामामा


जामसंडे,
१८ फेब्रुवारी

ती. शिवामामा,

तुमचं पत्र काल मिळालं. आज सकाळी सुकतीला मुंबरीला जाऊन आले. मोजकाठी घेऊन गेले होते. चपटा दगड आहे. घळीची खोली चार ठिकाणी मोजली. १९६७ च्या त्या तारखेची भरती तक्त्यावरून मागे काढली. दहा मिनिटांची चूक धरा.

पाणी दगडाला नऊ वाजून पाच मिनिटांनी लागलं. घळ मांडीएवढी भरली नऊ चाळीसला. म्हणजे पस्तीस मिनिटं होती. घळ ओलांडायला मला टोपलीशिवाय चार लागली. तुम्ही हाक मारली असती तर ती आली असती.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. दुसरं काही लिहिता आलं असतं, पण तुमच्या पानांसमोर बसून ते मला जमलं नाही.

चौकट मात्र बदललेली नाही. ती जिची आहे तिला आधी विचारते. चित्र आज आजीला दाखवणार आहे. तिनं ते कधी पाहिलेलंच नाही.

अपेक्षा


जामसंडे,
१९ फेब्रुवारी

ती. शिवामामा,

जे झालं ते झालं तसं लिहिते. आजीचे शब्द तिचेच ठेवले आहेत.

चित्र मी पडवीत तिच्या मांडीवर ठेवलं. तुमचं पत्रही वाचून दाखवलं आणि मी काढलेली पस्तीस मिनिटंही सांगितली. ती चित्राकडे बघत राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग तिनं पदराच्या खोचलेल्या टोकाला बोट लावलं आणि म्हणाली, "ह्यां लुगडा इसारलंय होतंय मी."

मग म्हणाली, "पस्तीस काय, माका सगळोच येळ होतो. मी काय आंधळी नाय होतंय गो. चपटो दगड माकाय दिसा होतो."

मी विचारलं, मग आलीस का नाहीस?

"तो काढी होतो."

मला कळलं नाही असं तिच्या लक्षात आलं. तेव्हा तिनं नीट सांगितलं. "बाबा तेका दुसऱ्या दिवसापासना होडयेर नेतले होते. चित्रां काढता म्हणान मार खाय तो. कोण हाक मारी, की कागद गुंडाळून पळा. त्या दिवशी पयल्यांदा तेचो हात थांबा नाय होतो. घळीकडे मान सुद्धा वळवी नाय. मी म्हटलां, हाललंय तर ह्येचां चित्र मोडतलां. दगड बुडालो, बुडांदे. घळ भरली, भरांदे. पोटऱ्येक पाणी लागला तरी हात कमरेवरसून काढूक नाय मी. इतक्या वर चढात असा वाटला नाय खरा, ती माझी चूक. शिवाक वाटता तो इसारलो. खुळो. मी उभी ऱवलंय."

मी तिला विचारलं की हे तिनं अठ्ठावन्न वर्षांत तुम्हाला का सांगितलं नाही. ती म्हणाली, "तेणा इचारूक होया होता. लग्नाकार्याक येता नि माझ्या पायाकडे बघून जेवणाच्या पंगतीत जाऊन बसता. मेलो."

मामा, मी पाणी मोजायला शिकले आहे. तुम्ही सहाशे सत्तेचाळीस चौकटी कशा काढल्यात ते मला आता कळतं. तिनं एक चित्र मोडू नये म्हणून पाणी चढताना पाहिलं आणि हात कमरेवर ठेवला, हे कशानं मोजायचं ते मला माहीत नाही. काल रात्री तिनं पाय दाबायला पुढे केला. रोजच करते. काल मला तो हातात घेताना भीती वाटली.

चौकटीबद्दल तिचं म्हणणं असं: "तसाच ऱवांदे. खरा पाणी माका म्हायत, तेका म्हायत. पोरांका कित्याक? रखमाक घराक जावंदे." म्हणून आज पानं पाठवताना छापखान्यासाठी एक ओळ जोडली: भाग ९, पान २१, शेवटची चौकट: मुळाबरहुकूम; दुरुस्ती करू नये. नम्रताताईंनी कारण विचारलं. मी सांगितलं, जिचं चित्र आहे तिचा निर्णय.

चित्र आजी परत देत नाही. तिनं तुम्हाला निरोप दिला आहे: "तेका सांग, पाय ऱवले माझे. येवन काढून जा."

अपेक्षा


मसुरे,
८ मार्च

चि. अपेक्षा,

आंगणेवाडीच्या जत्रेनं टपाल रखडलं. तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. वाचली. अंगणात जाऊन बसलो. सूनबाईला वाटलं माझी साखर उतरली, तिनं गूळ आणला. खाल्ला.

आक्काला काय लिहू? तुझ्या आकड्यांबद्दल मात्र तुझे आभार. पस्तीस मिनिटं. इतकी वर्षं मी वीस धरून चाललो होतो. आणि ती पस्तीसच्या पस्तीस मिनिटं तिनं मला दिली होती.

सतरा तारखेला, सोमवारी, फाल्गुन वद्य तृतीया आहे. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे सुकती पुरी आठला. सूनबाईचा भाऊ रिक्षानं मुंबरीला सोडतो म्हणालाय. आक्काला नऊवारी नेसवून आण. खडपावर नको, अलीकडे घळीच्या तोंडाशी बसव, वाळूत पाय सोडून. कागद जुनाच हवा, तो घेऊन ये. पेन्सिल माझी मी आणतो. हात हलतो, रेषा हलेल, ती म्हणेल पाय दुसऱ्याच कोणाचे काढलेस. म्हणू दे.

माझी मान खाली असेल आणि कानांना ऐकू येत नाही. म्हणून हाक मारू नकोस, खांद्याला हात लाव.

मी चित्र काढतो. पाणी तू बघ.

शिवामामा